आगाशेसरांचा डबा

आगाशेसर आमच्याकडे टीव्ही बघायला येत आणि टीव्हीकडे पाठ करून बसत. समोर आम्ही. मालिकेतली सून रडली की सर माझ्या आईकडे बघत आणि वहीत काहीतरी टिपून घेत. पहिल्या आठवड्यात आई बिचकून रडायचीच थांबली. नंतर सवय झाली आणि सरांना नीट दिसावं म्हणून ती दिव्याखाली सरकून रडू लागली.

सर आमच्या सांगलीच्या कॉलेजात ‘आंतरसांस्कृतिक संवाद आणि बहुसांस्कृतिक माध्यमे’ शिकवत. केबल तेव्हा नुकतीच घरोघर आली होती. मी त्यांचा शेजारी, त्याच कॉलेजात वाणिज्य शिकवणारा, पण हा विषय नेमका काय ते मला कधी सांगता आलं नाही. प्राचार्यांनाही यायचं नाही. सरांना विचारावं तर चष्मा पुसत म्हणत, “प्रश्न गुंतागुंतीचा आहे.” चहा घेणार का, यावरही तेच उत्तर. परदेशातून मात्र त्यांना भाषणांची बोलावणी येत.

याच वाक्याने त्यांचा घात केला. एकुलत्या एक नीलूचं मिरजेपलीकडच्या एका जैन शेतकऱ्याच्या मुलाशी जमलं. तिने विचारलं, “बाबा, करू ना लग्न?” सर म्हणाले, “प्रश्न गुंतागुंतीचा आहे.” त्यांना म्हणे विचार करून ‘हो’च म्हणायचं होतं. पोरीने तो नकार धरला आणि रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. वर्षभर दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. वहिनी, म्हणजे नीलूची आई, असत्या तर त्यांनी एका दिवसात निस्तरलं असतं, पण त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.

मग एक दिवस नीलूच्या सासूबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर डबा धाडला. स्टीलचा, वर त्यांचं नाव कोरलेलं, आत बेसनाचे लाडू. लाडू दोन दिवसांत संपले. डबा चार महिने राहिला. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये आणि यात काय घालावं ते सरांना ठरेना. जैनांना काय चालतं, काय चालत नाही, चातुर्मासात काय, याची त्यांनी फाईल केली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चालेल का, यावर स्टाफरूममध्ये चर्चा घेतली. डबा शबनम पिशवीत टाकून ते वर्गावर जात. शेवटी शिपाई दादू वैतागला.

“आवं सर, मूठभर साखर टाका नि द्या की. लय इचार करताय तुमी.”

“दादू, प्रश्न गुंतागुंतीचा आहे.”

मला खरोखर राग आला. माणूस लेकीसाठी झुरतोय आणि फाईल लावत बसलाय. एका रविवारी मी त्यांना धरून एसटीत बसवलं.

नीलू दारातच होती. सरांनी डबा पुढे केला. तिने हातात घेतला आणि वजनावरूनच तिला कळलं. तिचा चेहरा बघून मलाही कळलं. चार महिने विचार करून सरांनी डबा रिकामाच आणला होता. आता सरांच्याही ते ध्यानात आलं आणि ते नुसते चष्मा पुसत राहिले. मागच्या अंगणातून विहीणबाई पदर सावरत येत होत्या.

“आत ठेवते हं,” म्हणून नीलू स्वयंपाकघरात गेली. मी बसलो होतो तिथून दिसत होतं. तिने फळीवरच्या बरणीतून दोन मुठी साखर घाईघाईने डब्यात ओतली आणि बाहेर येऊन डबा सासूच्या हातात दिला.

“बाबांनी आणलीय.”

विहीणबाईंनी झाकण उघडलं. ती बरणी सकाळी त्यांनीच भरली असणार. चिमूटभर साखर तोंडात टाकून त्यांनी सुनेकडे बघितलं, मग सरांकडे.

“लय गोड हाय की ओ, पावणं. सांगलीची व्हय?”

“प्रश्न...” सर म्हणाले आणि थांबले. नीलूकडे बघून म्हणाले, “हो.”

नीलू डोळे पुसत चहा टाकायला गेली. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. सर त्याच्याकडे पाठ करून बसले, स्वयंपाकघराकडे तोंड करून. वही त्यांनी काढलीच नाही.

परतताना विहीणबाईंनी पुन्हा भरून दिलेला डबा सरांच्या मांडीवर होता. मिरज येईपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग म्हणाले, “पुढच्या रविवारी परत न्यायला हवा.”

काय घालून, ते मी विचारलं नाही.