चार चाळीसची गाडी

आमच्या शेजारचे खरात काका कुठलीही बातमी दोनदा सांगतात. पहिल्यांदा साध्या आवाजात आणि दुसऱ्यांदा जरा सावकाश, शेवटचा शब्द ओढून. "दूधवाला आलेला आहे. दूधवाला आलेला आहे." आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत असल्यामुळे त्यांच्याकडचा दूधवाला मलाही दोनदा कळतो. एकदा आमच्याकडे सत्यनारायणाला आले, प्रसाद घेतला आणि दारात उभं राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांना म्हणाले, "प्रसाद संपत आलेला आहे. प्रसाद संपत आलेला आहे." अर्ध्या मिनिटात बैठकीत रांग लागली.

काका एकतीस वर्षं जालन्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवर सांगायचं आणि ती वेळेवर सोडायची, हे त्यांचं काम. त्यांच्या हातून गाडी कधी एक मिनिटही उशिरा सुटली नाही. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव फाटकातून पळत येताना दिसत असूनही त्यांनी गाडी सोडली होती, असं लोक सांगतात. मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, "नवरदेव लेट होता. गाडी बराबर होती."

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात काय करणार, याची सुमनकाकूंनी धास्तीच घेतली होती. पहिला महिना त्यांनी काकूंच्या पोळ्यांच्या वेळा लिहून काढण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात ते टेपरेकॉर्डर काखेत मारून माझ्याकडे आले. मी इथल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या आणि आठवड्यानं किती उगवल्या ते मोजायचं, एवढंच माझं कौशल्य. पण घरी कॉम्प्युटर आहे, म्हणून गल्लीत माझी कीर्ती फार आहे.

त्यांनी कॅसेट लावली. एक माणूस गिटार वाजवत इंग्रजीत गात होता, की कण्हत होता, मला नीट कळेना. मधेच टेप सुरकुतलेली असावी, कारण तिथे त्याचा आवाज हेलकावे खायचा.

"ताई, हे कुठल्या डेपोचं हाये?" काकांनी विचारलं.

मी मोबाइल टेपरेकॉर्डरजवळ धरला. त्यानं शोधून सांगितलं, की ह्या गाण्याला ब्लूज म्हणतात आणि ते अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांमधून आलेलं आहे.

"कापूस येचणारे?" काका म्हणाले. "मंग आपलेच की."

ही कॅसेट तुमच्याकडे कशी, असं मी विचारलं. "होती घरात," एवढंच ते म्हणाले आणि विषय बदलला. पुढचे दोन महिने त्यांनी तेच ऐकलं. मग एक दिवस येऊन म्हणाले, "आपल्याला रेडिओ काढायचा हाये. जगात कुठं बी ऐकू आला पाहिजे. आन् बिलकुल फुकट."

इंटरनेटवर रेडिओ काढणं हल्ली फारसं अवघड नाही. अवघड होतं ते खरात काकांच्या मनासारखा काढणं. मी महिनाभर खपले. माझा कॉम्प्युटर त्यांच्या घरी नेऊन ठेवला, एक माइक घेतला, जुनी, कुणाचे हक्क न उरलेली गाणी गोळा केली. रेडिओला नाव दिलं 'चौकशी खिडकी'. काकांनी भिंतीवर वेळापत्रक टांगलं आणि सगळ्या ब्लूजला एसटीची शिस्त लावली.

सकाळी सहा दहाला पहिली गाडी. गाण्याला ते गाडीच म्हणतात. सकाळी शेतातली गाणी, नऊला गिटार, दुपारी जेवणाच्या सुट्टीत पियानो, दोनपासून तीनपर्यंत बायांची गाणी. ही वेळ काकूंसाठी राखीव. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नाही, पण एखादी बाई गळा काढून गायला लागली की त्या शेंगा सोलता सोलता म्हणतात, "नवरा बरा नसंल मेला तिचा." संध्याकाळी माउथ ऑर्गन आणि आठ वाजता आगार बंद. खरखरणारं रेकॉर्डिंग म्हणजे साधी गाडी, स्वच्छ असेल तर निमआराम. कुणी पत्र पाठवून फर्माईश केली, तर ती जादा गाडी. प्रत्येक गाण्याआधी काका स्वतः माइकवर सांगतात. आधी ध्वनिमुद्रित करून ठेवा, असं मी सुचवलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते परत सुचवलं नाही.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. मिसिसिपीहून निघून शिकागोकडे जाणारी जलद गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." हेच दोनदा. मग गाणं. ऐकणारे एका वेळी दहा-बारा. त्यातली फिनलंडमधली एक बाई तर रोज असते. तिला मराठी येत नाही, पण तिनं कळवलं होतं, की तुमच्या निवेदकाचा आवाज ऐकला की आपली कशाशी तरी वेळेवर गाठ पडणार, असं वाटतं.

एका कृषी केंद्रवाल्यानं जाहिरात देऊ केली, ती काकांनी परत पाठवली. मी समजावलं, तर म्हणाले, "ताई, गाडीत बसायला तिकीट लागतंय. स्टँडवर येऊन उभं राह्यला लागत न्हाई."

सगळं असं घड्याळाच्या काट्यावर. फक्त एक गाडी सोडून. रोज दुपारी चार चाळीसला काका सांगायचे, की फलाट क्रमांक चारवर गाडी लागलेली आहे. दोनदा सांगायचे. आणि मग पाच मिनिटं काहीच नाही! माइक चालू असायचा. पंख्याची घरघर ऐकू यायची, गल्लीतला भाजीवाला ऐकू यायचा, एकदा तर काकूंच्या कुकरची शिट्टी थेट फिनलंडला गेली. बरोबर चार पंचेचाळीसला गाणं लागायचं आणि तेही रोज तेच, सुरकुतलेल्या कॅसेटमधलं. मी प्रयोगशाळेत कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकायची. एकदोन श्रोत्यांनी तक्रारही केली, की तुमचं यंत्र रोज याच वेळी बिघडतं.

"काका, नवरदेवासाठी न थांबलेले तुम्ही, तुमची एक गाडी रोज लेट," मी चिडवायची.

"लेट न्हाई ताई. लागलेली हाये," ते म्हणायचे आणि उठून पाणी प्यायला जायचे.

मागच्या महिन्यात काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना डोळ्याची काळजी नव्हती, वेळापत्रकाची होती. मी रजा टाकली आणि दिवसभर रेडिओ सांभाळायचं कबूल केलं. त्यांनी जाताना वेळापत्रक माझ्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं, 'चार चाळीस लागणार, चार पंचेचाळीस सुटणार.'

आता माझा शहाणपणा सांगते. मला वाटलं, म्हाताऱ्याला सवय लागली असेल, किंवा कॅसेट लावायला पूर्वी पाच मिनिटं लागत असतील आणि तेच चालू राहिलं असेल. परत येईल तेव्हा त्याला सांगू, की आज तुमची एकही गाडी लेट झाली नाही. आश्चर्याची भेट! म्हणून चार चाळीसच्या ठोक्याला मी निवेदन केलं आणि लगेच गाणं सोडलं.

मिनिटभरात फोन वाजला. दवाखान्यातल्या खाटेवर पडून काका ऐकत होते.

"ताई, गाडी सोडली?"

"हो काका! बरोबर चार चाळीसला. एक सेकंदही इकडेतिकडे नाही."

पलीकडून मग ते म्हणाले, "बरं."

दूधवालासुद्धा दोनदा सांगणारा माणूस एकदाच 'बरं' म्हणाला. आपण काहीतरी मोडलंय हे कळलं, काय मोडलंय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका घरी आले. डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. मी माइकसमोर बसले होते. कॉम्प्युटरकडे बघायची त्यांना बंदी होती, म्हणून ते शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि मी न विचारता बोलायला लागले.

"मला एक धाकटा भाऊ हाये. दिगंबर. सळईच्या कारखान्यात होता. तिथं परदेशातलं भंगार येतंय वितळायला. एकदा चेपलेल्या मोटारीचा तुकडा आल्ता, त्यातल्या टेपात ही कॅसेट अडकलेली. दिगूनं ती काढून आणली आन् येडा झाला. काम सोडून दिवसभर तेच. म्हणे, मला बी असंच वाजवायचंय. एक दिवस सकाळी माझं डोकं सरकलं. म्हणलं, हे रडगाणं बंद कर. आन् कॅसेटमधली पट्टी वढून काढली. सगळी. अंगणात ढीग पडला."

म्हणजे ती सुरकुती ह्यांनीच पाडलेली होती. आणि मग केव्हातरी पेन्सिल घालून, गोल गोल फिरवून, ती पट्टी परत गुंडाळलेलीही ह्यांनीच.

"दुपारी म्या ड्यूटीवर. बघतो तर दिगू चार चाळीसच्या अंबडमार्गे बीडच्या गाडीत. खिडकीत. माझ्या काचेकडंच बघून राह्यलेला. तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला. शेजारचे म्हणले, आई रिक्षात बसली, पाच मिनिटं गाडी थांबव. पाच मिनिटं, ताई. माइक माझ्या हातात होता. लोकांची हरवलेली लेकरं, म्हातारे, चुकलेली वऱ्हाडं, सगळे ह्या आवाजानं बोलावले. 'दिगू, खाली उतर,' एवढं म्हणलं असतं तरी उतरला असता. म्या काय म्हणलं? फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटत आहे. ते बी दोनदा."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सासूबाई चार पंचेचाळीसला आल्या," त्या म्हणाल्या. "मंग बारा वर्षं जगल्या. पन त्या पाच मिनिटाचं नाव कधी काढलं न्हाई त्यांनी."

कुणी म्हणालं अंकुशनगरला साखर कारखान्यावर दिसला, कुणी म्हणालं हैदराबादला. काका सगळीकडे जाऊन आले. सव्वीस वर्षं झाली. "जिथं असंल तिथं हे गाणं शोधीलच तो," काका म्हणाले. "रोज त्याच वेळेला लावतो, म्हणजे आज चुकलं तर उद्या घावंल. आन् तिकीट न्हाई ठेवलं. खिसा रिकामा म्हणून माघारी गेला, असं नको."

मला स्वतःचा राग आला. एवढ्या वर्षांत एका माणसानं एक गाडी थांबवायला सुरुवात केली होती आणि ती मी सोडून दिली होती.

चार चाळीस झाले. मी नेहमीचं निवेदन केलं, दोनदा. पंखा घरघरत होता. काका गुडघ्यावर हात ठेवून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तेव्हा मला कळलं, की रोज ह्या पाच मिनिटांत हा माणूस माइकसमोर बसतो आणि ते एक नाव त्याच्या तोंडातून निघत नाही.

मी माइक जवळ ओढला. स्टँडवर लहानपणापासून ऐकलेलं वाक्य होतं, ते शोधावं लागलं नाही.

"दिगंबर खरात, जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावे. त्यांचे भाऊ त्यांची वाट पाहत आहेत."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका हलले नाहीत. आपण परत आगाऊपणा केला, असं मला वाटलं. मग ते हळूच म्हणाले, "ताई, दोनदा सांगायचं असतंय. पहिल्या टायमाला माणसाला ऐकू येत न्हाई."

मी माइककडे वळले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि माइक चाचपडत स्वतःकडे घेतला.

"दिगंबर खरात," काका स्टँडवरच्या आवाजात म्हणाले. "दिगंबर खरात, जिथे असतील तिथून..." तिथे ते अडले. पंखा फिरत होता. मग त्यांनी स्टँडचा आवाज सोडून दिला. "दिगू, ये रे. गाडी थांबवून ठिवलीय."

समोरच्या घड्याळात चार सत्तेचाळीस झाले होते. आम्ही दोघींनीही त्यांना तसं सांगितलं नाही.