वरच्या पट्ट्याचा दोरा

देवचंदआबांना झेंड्यावर बोलायला सांगा, तासभर बोलतील. पण त्यात एकाही रंगाचं नाव यायचं नाही. वरचा पट्टा त्यागाचा, मधला सत्याचा, खालचा पिकापाण्याचा. पूर्वी मधोमध अख्खा चरखा होता. तो मागच्या बाजूने उलटा दिसायचा, म्हणून मग नुसतं चाक ठेवलं. "चाकाले पाठ नाही नि पोट नाही, भो," असं म्हणून आबा समाधानाने तंबाखू मळायला घ्यायचे.

आम्ही सुरतेच्या पांडेसऱ्यात शेजारी. आबा मूळचे धुळ्याकडचे, इथे कापड रंगवायच्या मिलमध्ये घडी घालायच्या खात्यात. मी सोसायटीचा प्रमुख. प्रमुख म्हणजे पाण्याची मोटर बिघडली की शिव्या खाणारा माणूस. पण सव्वीस जानेवारीला दोरी ओढायचा मान प्रमुखाचा, म्हणून मी ते पद काही सोडत नव्हतो.

गाठ मात्र आबांची. एके वर्षी मी हट्टाने स्वतः बांधली. भाषण ठोकलं, दोरी ओढली, झेंडा हलेना. आणखी जोर लावला तर खांबच वाकायला लागला. शेवटी फुलं तेवढी माझ्या टोपीवर पडली आणि झेंडा वर मुटकुळं करून बसला तो बसलाच. त्यानंतर मी त्या गाठीच्या वाटेला गेलो नाही.

आमच्या झेंड्याच्या वरच्या कोपऱ्याला एक काळा दोरा असायचा. आबांच्या बायकोने, आमच्या जिजींनी, तो शिवला होता. "दिष्ट लागाले नको," आबा सांगायचे. मी अंधश्रद्धेवर भाषणं देणारा माणूस. माझं डोकंच फिरायचं. देशाच्या झेंड्याला कोणाची दृष्ट लागणार? आता माझ्या दंडाला बायकोने काळा दोरा बांधला होता, हे खरं. पण तो शर्टाच्या बाहीखाली होता, आणि बाहीखालच्या गोष्टी काही भाषणात येत नाहीत.

आबांची आणखी एक खोड. झेंडा उलगडला की सगळे वर बघायचे, आबा मात्र गॅलरीत उभ्या असलेल्या जिजींकडे. जिजींनी मान हलवली की मगच सलाम ठोकायचे. बायामाणसं तोंडाला पदर लावून हसायची. म्हातारपणी काय हे प्रेम, म्हणून मीही चिडवून घ्यायचो.

दिवाळीनंतर जिजी गेल्या. आबांचं बोलणंच आटलं. जुना झेंडाही कडेला विरला होता, आणि विरलेला झेंडा चढवायचा नाही हा आबांचाच नियम. मी हौसेने खादीचा नवा कोरा आणला.

झेंडावंदनाच्या सकाळी आबा तो मांडीवर घेऊन खांबाशी बसले. एक कड बोटांनी चाचपायचे, झेंडा फिरवायचे, दुसरी चाचपायचे. खुर्च्या भरत आल्या, तरी घडीला सुरुवात नाही. मी घाई केली, तर त्यांनी हळूच विचारलं, दोरा कुठे आहे? मी हसून म्हटलं, आबा, आता तरी ती दृष्ट सोडा.

"तो दिष्टना नव्हता," आबा म्हणाले. "माले हाऊ पट्टा नि तो पट्टा सारखाच दिसस. धाकलपणपासून."

केशरी काय नि हिरवा काय, त्यांना लहानपणापासून एकच; वर कोणता ते जिजींच्या दोऱ्यावरूनच कळायचं. आज उलटा चढला तर लोक थुंकतील. आणि मिलमध्ये कळलं, तर रंगाच्या मिलमध्ये असल्या माणसाला कोण ठेवील? हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

"आते माले कोन सांगी?"

मी बाही वर केली आणि दंडावरचा दोरा तोडला. आबा बघतच राहिले.

"परमुख, तुमीबी?"

"भाषण वेगळं असतं, आबा."

केशरी कोपऱ्याला दोरा बांधून मी त्यांचं बोट त्यावर ठेवलं. मग त्यांनी भराभर घडी घातली, पाकळ्या भरल्या, गाठ मारली.

त्या दिवशी मी भाषण आवरतं घेतलं. लोकांना बरंच वाटलं असणार. दोरी ओढली. गाठ सुटली, पाकळ्या पडल्या, सगळ्यांनी वर बघितलं. आबांनी सवयीने गॅलरीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांचा हात अर्ध्यातच थांबला.

मग ते माझ्याकडे वळले. मी मान हलवली, तेव्हा कुठे आबांनी सलाम ठोकला.