बहारोम आमदारांचा पाठिंबा

बहारोम आमदार झाले ते सुक्या मासळीच्या जोरावर. अख्ख्या नदीकाठाला त्यांच्याच दुकानातली मासळी! अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि विधानसभेत दोन्ही आघाड्यांच्या जागा नेमक्या सारख्या पडल्या. मधे एकटे बहारोम!

"आता मुख्यमंत्री नेमायला आपल्या राज्याचे सुलतान एकेकाला राजवाड्यात बोलावून विचारणार, पाठिंबा कुणाला?" ते बायकोला म्हणाले. "मी नाव घेईन तो मुख्यमंत्री!"

"कुणाचं घेणार?" मासितोहने विचारलं.

"नदीवर पूल बांधून देतो म्हणाले दोन्ही आघाड्यांचे नेते. मीही दोघांना हो म्हणालो. ऐन वेळी सुचेल गं!"

सुलतानांसमोर 'मी' म्हणायचं नसतं, 'पातिक' म्हणायचं. बहारोमनी इतका सराव केला की जेवतानाही म्हणाले, "पातिकला अजून भात वाढ!"

"आधी पातिकने पाण्याचा तांब्या भरून आणावा," मासितोह म्हणाली.

राजवाड्यात सुलतानांनी चहा दिला, नदीची चौकशी केली. बहारोम खुलले. पूर, होडी, पूल, सगळं सांगून झालं.

"बरं, पाठिंबा कुणाला?"

बहारोमनी कप खाली ठेवला. "जो आधी पूल बांधेल त्याला, महाराज!"

"पुलाला वर्षं लागतील. मला मुख्यमंत्री या आठवड्यात हवाय."

"मग... महाराजांची मर्जी तीच पातिकची!"

सुलतान हसले. "माझ्या मर्जीवर असतं तर तुम्हाला इथवर बोलावलं असतं का? बहुमत कुणाकडे, ते तुम्ही सांगायचं. मी त्याला नेमायचं."

"मग दोघांनाही!"

"एका आमदाराचं एकच मत."

घामाने बहारोमची काळी टोपी कपाळावर घसरली. "मग पातिकला मोजूच नका!"

सुलतानांनी खरंच मोजलं नाही. बहुमत कुणाचंच नाही, म्हणून विधानसभा बरखास्त! पुन्हा निवडणूक! बाजारात सगळे आमदार बहारोमना शिव्या घालत होते. दोन्ही आघाड्यांचं इतकं एकमत कधीच झालं नव्हतं.

"पुन्हा उभा राहतो," बहारोम म्हणाले.

"लोक तुम्हाला दारात उभंसुद्धा करणार नाहीत," मासितोह म्हणाली. "मी राहते."

आणि आली की निवडून! जागा पुन्हा सारख्या. पुन्हा राजवाडा. ती आत गेली आणि बहारोम फाटकाशी बसकण मारतात न मारतात तोच बाहेरसुद्धा आली.

"इतक्यात? चहा नाही दिला?"

"दिला की. प्यायले."

"मग नाव कुणाचं घेतलंस?"

"ते सुलतानांना सांगितलंय," मासितोह म्हणाली. "माझी पर्स द्या इकडे. आणि तिचा पट्टा आधी खांद्यावरून काढा, पत्रकार फोटो काढताहेत."