आक्काचं अमेरिकेतलं लायसन

आमच्या इस्लामपुरात एक बाई जवळजवळ वर्षभर रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालत होती. चुकून नव्हे, ठरवून. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतोय, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि ही बाई डोक्यावरचा पदर सावरत सरळ त्याच्या तोंडासमोर चाललेली.

"आवं आक्का, कडंनं!" ट्रॅक्टरवाला ओरडायचा.

"कडंनंच चाललीया की. तुजी कड येगळी, माजी येगळी," आक्का शांतपणे म्हणायची आणि पुढं जायची.

आक्का आमची शेजारीण. आष्ट्याकडची. सगळं आयुष्य उसाच्या रानात गेलेलं. मालक अचानक वारले, तेव्हा रान दिराकडं सोपवून ती इस्लामपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आली. एकुलता एक मुलगा विजय अमेरिकेत इंजिनिअर. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात शिकवायला लागले होते. आमच्याकडं फोन होता, आक्काकडं नव्हता. त्यामुळं दर रविवारी सकाळी विजयचा फोन आमच्या घरी यायचा आणि आक्का आमच्या ओट्यावर आधीपासून येऊन बसलेली असायची. फोनवर ती इतक्या मोठ्यानं बोलायची की माझे यजमान म्हणायचे, "हिला फोनची गरजच काय?"

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. एका रविवारी विजय म्हणाला, "आई, तुझं इथलं ग्रीन कार्ड झालं. आता ये कायमची. पण एक आहे. इथं गाडी येत नसली की माणूस घरात अडकून पडतो. साधं दूध आणायचं तरी गाडी काढावी लागते."

"मग शिकते की," आक्का म्हणाली.

विजय हसला. "शीक बाई. पण इथं सगळं उलटं. गाड्या उजवीकडून चालतात."

दुसऱ्या दिवसापासून आक्का उजवीकडून चालायला लागली. मी विचारलं, तर म्हणाली, "पायाला सवय लागली की हाताला आपोआप लागंल."

यातली खरी गंमत आक्काला ओळखणाऱ्यांनाच कळेल. कारण आक्काला तंद्री लागायची. चुलीवर दूध ठेवायची आणि खिडकीतून ढग बघत उभी राहायची. दूध उतू जाऊन, जळून, त्याचा वास आमच्या घरापर्यंत आला तरी हिचं लक्ष ढगात. हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघायला लागला की गच्चीवर जाऊन तो कुठपर्यंत जातो ते बघायची. नांगरलेल्या रानात बगळे उतरलेले दिसले तर बाजाराला निघालेली बाई बांधावर बसून राहायची. हाक मारली की म्हणायची, "जरा बगू तर द्या. लय घाई बाई लोकान्ला." आणि हीच बाई गाडी चालवणार होती!

बसस्थानकामागं एका निवृत्त सुभेदारांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. सुभेदार सातारचे. फौजेत त्यांनी हिमालयातल्या घाटांतून ट्रक चालवले होते आणि मरणाला भीत नाही असं ते उगाच सांगत नसत. आक्का पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा बघायला अर्धी गल्ली जमली. आक्कानं आधी स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं. मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तशी ती दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली, समोर बघत. तोंडावरचा रंग उडालेला. आम्हाला वाटलं, लागली तंद्री.

"माताजी, क्लच दबाव!" सुभेदारांनी फौजी हिंदीत हुकूम सोडला.

आक्का दचकली. "कुठला तो?"

"डावा पाय."

"आसं सांगा की मग नीट. क्लच, क्लच काय?" आक्का एवढ्या रागानं म्हणाली की सुभेदारही चपापले.

पुढचे काही महिने सुभेदारांची ती जुनी फियाट पेठ नाक्याच्या रस्त्यावर उजवीकडून जायची आणि सुभेदार स्टेअरिंग डावीकडं ओढायचे. "माताजी, हा हिंदुस्थान आहे!" "आवं पर मला हितं कुठं चालवायचीया?" असा त्यांचा संवाद. एकदा बगळ्यांचा थवा बघताना आक्कानं गाडी अलगद ज्वारीच्या, शाळवाच्या रानात घातली. सुभेदार कणसांतून बाहेर आले ते पाणी मागतच. पण सोडलं मात्र त्यांनी नाही. मला म्हणाले, "मॅडम, ह्या वयात येवढी जिद्द मी पलटणीतसुद्धा बघितली नाही. कशासाठी, ते मात्र सांगत नाहीत."

आक्का गेली तेव्हा गल्ली रडली. आक्का रडली नाही. मुंबईला जाणाऱ्या जीपमध्ये ती पुढं बसली आणि ड्रायव्हरच्या पायांकडं टक लावून बघत राहिली.

मग बरेच दिवसांनी एका रविवारी आमचा फोन वाजला.

"सुनंदे, नापास झाले गं!" आक्का अमेरिकेतूनही तशीच ओरडत होती. फोन कानापासून लांब धरून मी ऐकलं. लेखी परीक्षा निभावली होती. सूनबाईनं, मेधानं, पोळ्या लाटता लाटता नियमांचं पुस्तक मराठीत सांगून सांगून पाठ करून घेतलं होतं. घोटाळा रस्त्यावर झाला. चार रस्ते मिळतात तिथं तिकडं चारी गाड्या थांबतात आणि जी आधी आली ती आधी जाते. आक्का आधी पोचली होती. पण समोर एक म्हातारा होता. आक्कानं त्याला हातानं सांगितलं, तुम्ही जावा. त्यानं सांगितलं, तुम्ही जा. आक्का म्हणाली, न्हाई न्हाई, तुमी जावा. डावीकडच्या गाडीत मागं बाळ बसवलेली बाई होती, तिलाही आक्कानं पुढं जायला सांगितलं. आणि मग कुणीच जाईना. परीक्षा घेणारी बाई शेजारी मांडीवर पाटी घेऊन बसली होती, आडव्या बांध्याची, चष्मेवाली. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि कागदावर काट मारली.

"मान देनं बी गुन्हा हाय हितं," आक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या वेळचं मला नंतर कळलं. सगळं बिनचूक चाललं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून रानबदकांची रांग निघाली. आक्कानं नियमाप्रमाणं गाडी थांबवली. चष्मेवाल्या बाईनं मान डोलवली. बदकं पलीकडं गेली, तळ्याच्या कडेला थांबली आणि एकदम सगळी उडाली. आक्कानं इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मागं गाड्यांची रांग लागली. तिथले लोक हॉर्न वाजवत नाहीत, त्यामुळं आक्काला पत्ताच नाही. शेवटी त्या बाईनं तिच्या खांद्याला हात लावला. आक्का तिला मराठीत म्हणाली, "बगा की, कशी गेली!"

त्या दिवशी विजय वैतागला. "आई, पुरे आता. तू कुणाच्या तरी अंगावर गाडी घालशील. कुठं जायचं ते मला सांगत जा, मी नेईन."

"आनि तू नसलास म्हंजे?"

"मी नसलो तर मेधा आहे."

"आनि ती नसली म्हंजे?"

विजयला कळेना. आई एवढी का पेटली आहे? तो म्हणाला, हा विषय आता बंद. दोन दिवस मायलेकरांचं बोलणं नव्हतं. आक्का जेवायची, भांडी पुसून ठेवायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. बाहेर बर्फ पडत असायचं. एवढं पांढरं तिनं कधी बघितलं नव्हतं, पण तेव्हा, ती म्हणाली, "तिकडं बगूसं बी वाटंना."

तिसऱ्या दिवशी विजय कामावर गेल्यावर मेधानं गुपचूप गाडीची किल्ली आक्कासमोर ठेवली. "चला आई, अंगात कोट घाला." एका मोकळ्या मैदानात दोघी रोज जायच्या. मेधानं एकच युक्ती शिकवली. तंद्री लागू नये म्हणून सगळं मोठ्यानं बोलायचं. आक्कानं ते मनावर घेतलं. तिसऱ्या परीक्षेला गाडी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत ती बोलत होती. "आता आरसा बगते. आता मागं बगते. पोरं हायत, हळू घेते. लाल दिवा, थांबले. म्हाताऱ्या, आता मी आदी आले, मीच जानार." चष्मेवाली बाई आधी चमकली. मग तिला हसू यायला लागलं. परत आल्यावर तिनं आक्काशी हात मिळवला आणि विचारलं, ही कुठली प्रार्थना? आक्का तिच्या इंग्रजीत म्हणाली, "सुभेदार प्रेयर."

हे सगळं तिनं मला सांगितलं ते दोन वर्षांनी, पुतणीच्या लग्नाला आली तेव्हा. आमच्याच ओट्यावर बसून, पाय पसरून. सुभेदारांना तिनं लायसन दाखवलं. त्यावरचा आपला फोटो बघून म्हणाली, "भ्यालेल्या सशागत दिसती का न्हाई मी?" सुभेदारांनी ते कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि खाडकन सलाम ठोकला. मग तिनं मागितली नसताना त्यांनीच फियाटची किल्ली पुढं केली. "फक्त माताजी, इथं डावी बाजू."

"व्हय वो. डावी."

दुपार कलल्यावर आम्ही दोघी आष्ट्याला निघालो, तिच्या दिराच्या घरी. थंडीचे दिवस. उसाला तुरे आलेले, उन्हात रुपेरी दिसत होते. हवेत मळीचा वास. आक्का सावकाश, बिनचूक, डावीकडून गाडी चालवत होती. मीच बाहेर बघता बघता हरवले होते. आष्ट्याच्या अलीकडं तिनं गाडी एका पाणंदीत वळवली आणि बाभळीखाली उभी केली. पुढं तिचंच रान होतं. आम्ही उतरून बांधावर बसलो. पाटाचं पाणी वाहत होतं. आक्का वर बघत नव्हती, ढगांकडं नाही, तुऱ्यांकडं नाही. ती बाभळीच्या बुंध्याकडं बघत होती.

"हितं जीप हुती," ती म्हणाली. "तवा."

मला माहीत होतं ते एवढंच, की मालक रानात हार्ट अटॅकनं गेले.

"मानसं सगळी पल्ल्याड ऊस तोडत हुती. मालक म्हनले, छातीत दुखतंय. मी त्यास्नी धरून धरून जिपपातूर आनलं, शेजारच्या शिटावर बशिवलं. वरडले, कुनाला ऐकू गेलं न्हाई. त्यास्नी सोडून कुठं जाऊ? मालकच म्हनले, किल्ली फिरव. फिरिवली. सुरू झाली गं जीप. म्हनले, आता क्लच दाब. क्लच कुठला ते मला ठावं न्हवतं, सुनंदे. कवा बगितलाच न्हवता. ते हातानं दावाय गेले, पर हात वर आला न्हाई."

पाटातून एक वाळकं पान वाहत गेलं.

"मग बसले तशीच. गाडी चालू हुती. डॉक्टर किती लांब, ह्यो काय आष्टा दिसतोय."

मी तिचा हात धरला. स्टेअरिंग धरून धरून तो अजून गरम होता.

"विजयला सांगितलं नाहीस?"

"न्हाई. त्येला वाटंल, आयेला गाडी येत न्हवती म्हनून." तिनं पायाजवळची काडी उचलून पाटात टाकली. "लायसन मिळालं न्हवं, त्येच्या दुसऱ्या दिवशी सगळी भाईर गेल्यावर मी गाडी काडली. शेजारच्या शिटाचा पट्टा वडून लावला."

"कुणाला?"

"मालकास्नी. तिकडं पट्टा न लावल्यावर दंड हाय." ती किंचित हसली. "गावाभाईर मक्याची रानं हायत, आपल्यागतच. तिथवर गेले. तिथनं गाडी वळिवली आनि नीट दवाखान्याच्या दारात नेऊन उबी केली. कुनाला काय सांगितलं न्हाई. जरा बसले आनि आले माघारी."

मी बाभळीच्या बुंध्याकडं बघितलं.

"येळंत पोचलो गं आमी," आक्का म्हणाली.

मग ती उठली, लुगड्याची माती झटकली आणि गाडीचं दार उघडून म्हणाली, "चल. जावंनं च्या ठेवला असंल."