आप्पांची गिरणी सुटते तेव्हा

संगणकाच्या पेटीला स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून त्याची मूठ स्वतःच्या कानाशी धरणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी, सदाशिवआप्पा. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि डॉक्टरांनी छातीला नळी लावल्यावर घरात पसरते तशी शांतता. मग स्क्रू-ड्रायव्हर सावकाश खाली येई आणि निदान बाहेर पडे :

"आवाज कोरडा हाय, सर. ह्याला ओल पायजे."

आप्पा सांगलीजवळच्या माधवनगरला एका कापडगिरणीत फिटर होते. विणकामाच्या खात्यात हवा दमट राखावी लागते, नाहीतर सूत पटापट तुटते, हे ज्ञान त्यांच्या हाडात मुरलेले. गिरणी बंद पडून एक पिढी उलटली, तरी जगातल्या यच्चयावत यंत्रांची दुखणी कोरड्या हवेतून उद्भवतात, ही त्यांची श्रद्धा अढळ होती. म्हणून संगणकाच्या पंख्यासमोर, खुर्चीच्या पाठीवर, एक ओला पंचा सदैव वाळत असे.

त्यांची मुलगी वैशाली पुण्याला संगणकाच्याच कंपनीत आहे. फोनच्या पडद्यावर तिने तो पंचा प्रथम पाहिला, तेव्हा तिची किंकाळी माझ्या ओसरीपर्यंत ऐकू आली.

"आप्पा, तो कॉम्प्युटर आहे, माग नाही! पाणी गेलं तर जळून जाईल!"

"माग बी जळायचाच की गं," आप्पा शांतपणे म्हणाले, "पण कोरडेपणानं."

मी मूळचा साताऱ्याचा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर मुलाकडे सांगलीला आलो. ओळखी करून घेणे मला साधत नाही. त्या माझ्याकडे चालत याव्या लागतात. आप्पा आले ते आमच्या मिक्सरचा आवाज ऐकून. "सर, बुश गेलंय तुमच्या मिक्सरचं," असे म्हणत ते थेट स्वयंपाकघरात शिरले. बुश गेलेले नव्हते; ते उघडल्यानंतर गेले. परंतु त्या निमित्ताने चहा झाला, आणि पुढे रोज होऊ लागला. सूनबाईंनी मात्र नवा मिक्सर आणला तो आप्पांना दिसणार नाही अशा फळीवर ठेवला.

"धागा हुडका," हे आप्पांचे ब्रीदवाक्य. मागावर कापड बिघडले की आधी तुटका धागा हुडकायचा, मग बाकीचे. गल्लीतली वीज गेली, धागा हुडका. माझा रक्तदाब वाढला, धागा हुडका. तो धागा म्हणजे सूनबाईंनी केलेले लिंबाचे लोणचे असल्याचे त्यांनी हुडकले आणि खात्री करण्यासाठी बरणी घरी नेली.

आप्पांच्या पत्नी, शांताकाकू, मी येण्यापूर्वीच वारल्या होत्या. वडिलांचे मन रमावे म्हणून वैशालीने आपला जुना संगणक त्यांना आणून दिला आणि त्यावर एक खेळ घालून दिला. रिकाम्या जमिनीवर रस्ते आखायचे, घरे, दुकाने, कारखाने बांधायचे. मग त्या गावात माणसे राहायला येतात, कामाला जातात, परततात. इतर लोक म्हणे त्यात गगनचुंबी इमारती उभारतात. आप्पांनी जुने माधवनगर उभारले. कौलारू शेडचे चित्र खेळात नव्हते, म्हणून गोदामे शेजारी शेजारी लावून त्यांनी गिरणी केली. तिचे फाटक, समोरची चहाची टपरी, आणि तिथून वळत वळत घरांकडे जाणारा रस्ता. मी एकदा संकोचत विचारले, की गावाच्या कडेला अजिंक्यताऱ्यासारखा एखादा डोंगर करता येईल का. आप्पांनी दुसऱ्याच दिवशी डोंगर उभा केला. "साताऱ्याच्या पाव्हण्यासाठी," म्हणाले. त्या दिवसापासून आप्पा रोज चहाच्या वेळी मला माझा डोंगर बघायला बोलावू लागले.

गावात माणसे वाढली आणि पंचाईत सुरू झाली. खेळातला दिवस मावळू लागला की गिरणी सुटे. आप्पा स्वतःच तोंडाने "भोंऽऽ" असा भोंगा वाजवत, आणि फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडे. नेमक्या त्याच क्षणी पडदा अडखळू लागे. माणसे दोन पावले चालत, थबकत, पुन्हा दोन पावले चालत. कधी तर अख्खे गाव पुतळ्यासारखे थिजून जाई.

"सर, गिरणी सुटली की गाव अडतंय. माणसं घरला पोचंनात," आप्पा कळवळून म्हणाले. चित्रातली माणसे रस्त्यात अडकून राहिली, तर यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

धागा हुडकणे सुरू झाले. एकेक गोष्ट बंद करून पाहायची, ही फिटरची रीत. प्रथम ओला पंचा दुप्पट जाड झाला. उपयोग शून्य. मग त्यांनी गावातली झाडे काढली. गाव पूर्वीइतकेच अडत राहिले, वर उन्हाने आणि धुराने त्रासलेले नागरिक तक्रारी करू लागले. नंतर आप्पांची नजर माझ्या डोंगराकडे वळली.

"सर, राग मानू नका. तुमचा डोंगर लय भार खातोय."

अजिंक्यतारा सपाट झाला. गाव अडलेलेच. त्या दिवशीचा चहा मला गोड लागला नाही, हे खरे.

शेवटी वैशालीने फोनवरून सूत्रे हाती घेतली. "आप्पा, आधी चित्राची स्पष्टता एकदम कमी करा. तरीही अडलं, तर दोष चित्र काढणाऱ्या भागात नाही." आप्पांनी केली. सगळे गाव धुरकट झाले. माणूस कुठला आणि विजेचा खांब कुठला, कळेना.

"दिसतंय का काही?" मी विचारले.

"मोतीबिंदू काढायच्या आधी मला सगळं असंच दिसायचं," आप्पा म्हणाले. "सवय हाय."

धूसर गावही तितकेच अडखळले. मग वैशालीने संगणकाच्या पोटातले काम दाखवणारा तक्ता उघडायला लावला. चित्र काढणारा भाग निवांत होता. हिशेब करणाऱ्या प्रोसेसरचे निरनिराळे गाळे रेघांनी दिसत होते. त्यातली एकच रेघ छताला टेकलेली, बाकीच्या जमिनीवर लोळत होत्या. आप्पांनी चष्मा पुसून पाहिले आणि मांडीवर थाप मारली.

"आरं तिच्या! एक जण राबतोय आन् बाकीचे बिडी ओढत बसल्यात! सर, हे खातं मला ठाऊक हाय."

वैशाली हसून म्हणाली, "बरोबर आप्पा. गिरणी सुटली की प्रत्येक माणसाची घरची वाट त्या एकट्यालाच शोधावी लागते. तो दमतो. सोपा उपाय म्हणजे माणसं कमी करा."

आप्पांचे हसू मावळले. "माणसं कमी करून काय हुतं ते गिरणीत बघितलंय," ते म्हणाले. "दुसरं काय सांग."

दुसरा उपाय दिवाळीला आला. वैशालीने स्वतः येऊन नवे, जोरकस यंत्र जोडले. जुने उघडून त्यातली धूळ आणि पंच्याचे तंतू साफ केले आणि ते कापडात गुंडाळून खाटेखाली सरकवले. आप्पांनी भोंगा वाजवला. माणसे फाटकातून निघाली आणि पाण्यासारखी वाहत बघता बघता घरात शिरली. कुणी थबकले नाही. कुणी अडखळले नाही. वैशालीने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

"चांगलं हाय," आप्पा म्हणाले. "लय चांगलं हाय."

वैशाली पुण्याला परतली आणि भोंगा बंद झाला, चहाचे बोलावणेही. माझी बोलण्याची हौस बेताची असली, तरी त्या आवाजाची सवय जडली होती. काही दिवस वाट पाहिली आणि एका संध्याकाळी, बोलावणे नसताना, मी आयुष्यात प्रथमच आपण होऊन कोणाच्या तरी दारात उभा राहिलो.

नवे यंत्र कापडाखाली झाकलेले होते. टेबलावर जुनेच होते. खुर्चीच्या पाठीवर ओला पंचा होता. आप्पा चपापले.

"वैशीला सांगू नका, सर. म्हणून तर भोंगा बी वाजवला न्हाई."

"पण आप्पा, नव्यावर तर सगळं सुरळीत चालत होतं."

"चालत कुठं हुतं? पळत हुतं."

"मग वेग कमी करायची कळ आहे की."

"ती बी दाबली. मग सगळी सारख्या चालीनं निघतात, लेझमीच्या पथकागत." आप्पा पंचा सारखा करत म्हणाले, "आमची मंडळी, वैशीची आई, गिरणीतच हुती, सर. सुताच्या खात्यात. घरात माणसं लय. आई, भाऊ, भावजया, पोरंटोरं. दोघांनी दोन शब्द बोलावं म्हटलं तर कोपरा न्हाई. गिरणी सुटली की फाटकापासनं घरापतुर जो रस्ता, तेवढाच आमचा. मी आपला भराभरा चालायचा. ती मागनं म्हनायची, 'आवं, हळू चला की. घर काय पळून जातंय व्हय?'"

मी स्टूल ओढून पडद्याजवळ बसलो.

"ह्या जुन्या यंत्रावर कशी चालतात बघा. दोन पावलं टाकतात, थांबतात, परत निघतात." त्यांनी पडद्यावर बोट टेकवले. "बोलत बोलत चालणारी माणसं अशीच चालतात, सर. मी उगंच दुरुस्त करत बसलो हुतो."

आप्पांनी भोंगा वाजवला. फाटक उघडले. माणसे बाहेर आली आणि वळणावळणाच्या रस्त्याने थबकत, अडखळत निघाली. टपरीपाशी दोघे जण बराच वेळ खोळंबले. गावाच्या कडेला, सपाट केलेल्या जागी, एक डोंगर पुन्हा उभा असल्याचे तेव्हा माझ्या लक्षात आले.

"ह्याचा भार...?" मी चाचरत विचारले.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "तेवढीच अजून हळू चालतील."

इतक्यात फोन वाजला. वैशाली होती. "आप्पा, आता अडत नाही ना?"

"न्हाई गं," पडद्यावरची नजर न काढता आप्पा म्हणाले. "समदी घरला निघालीत."

आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पंचा चाचपून पाहिला, ओल आहे ना म्हणून.