भरलेली टाकी

अकराला धनराज निकमांच्या मुलीची, वेदिकाची, नोकरीसाठी मुलाखत होती, लॅपटॉपवर, आणि साडेदहाला त्यांच्या घरातली वीज गेली. पाथर्डी फाट्याकडच्या त्यांच्या कॉलनीची वीज झाड पडून कालच गेली होती; निकमांची आज गेली.

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर धनराजांनी दोन वर्षं खपून गच्चीवर सोलर उभारलं होतं. उन्हात बॅटऱ्या भरायच्या, उरलेल्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढून टाकीत साठवायचा आणि ढगाळ दिवसांत त्याची परत वीज करायची. काल सगळीकडे अंधार असताना यांच्याकडे दिवे होते. धनराजांनी कॉलनीला आमंत्रणच दिलं. लोक मोबाईल घेऊन आले, सकाळी मिक्सर घेऊन आले, एक आजोबा इस्त्रीचे कपडे घेऊन आले. टाकी मात्र धनराजांनी बंद ठेवली. अख्खा पावसाळा पुढे होता.

"बॅटऱ्या संपल्या, एवढंच," ते आता म्हणाले. "टाकी पूर्ण भरलेली आहे."

"मग ती लावा," त्यांची बायको मंजुषा म्हणाली.

"तिचं मशीन चालू व्हायला थोडी वीज लागते."

"ती कुठून येते?"

"बॅटरीतून."

मंजुषाने पाना आणून त्यांच्या हातात दिला. दोन वर्षांत तिला ती सवय झाली होती.

धनराज पाना घेऊन शेजारच्या गोरक्षकडे गेले. गोरक्ष रोज पिकअपमधून गुलाब बाजारात न्यायचा. आज गाडी दारातच घुरघुरत उभी होती.

"गोरक्ष, गाडीची बॅटरी दे रे अर्धा तास."

"न्या ना काका. पन आत वेदिका बसली हाय. मोबाईल चार्जिंगला लावलाय तिनं."

धनराजांनी वाकून पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवर इस्त्रीचा शर्ट घालून वेदिका समोरच्या मोबाईलशी इंग्रजीत बोलत होती. मागे गुलाबाचे क्रेट होते.

"काढू का बॅटरी?" गोरक्षने हळूच विचारलं.

"राहू दे," धनराज म्हणाले. दोघं बारीक पावसात गाडीला टेकून उभे राहिले. पाऊण तास.

वेदिका उतरली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"घेतलं मला. काम घरूनच करायचं होतं, पण ते म्हणाले, तुम्ही ऑफिसातच येत जा."

"का?"

"मी सांगितलं ना, आमच्या घरी विजेची सोय नाही."

धनराजांनी बोलायला तोंड उघडलं, पण तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.