गुलालातला गुप्त निरोप

अठ्ठ्याण्णव साली आटपाडीच्या एका कॉलेजातली अंधारखोली लोकरीच्या पोत्यांना द्यायचं संस्थेचे चेअरमन भाऊसो यांनी ठरवून टाकलं आणि फिजिक्सच्या अमृत सरांची झोप उडाली. त्या खोलीवर त्यांचा फार जीव होता. भाऊसोंचा विज्ञानाला विरोध नव्हता. फक्त ते डोळ्यांना दिसायला हवं, एवढीच त्यांची अट.

"एक प्रयोग बघा, मग ठरवा," सर म्हणाले. "उघड्या हवेतून प्रकाशाचे कण उभे-आडवे करून गुप्त निरोप पाठवायचा. मधे कुणी चोरून पाहिलं की कण बिघडतात आणि चोरी उघडी पडते. परदेशात एकेक कण सोडतात, मी लेसरवर नमुना दाखवतो."

"बघणाराच घावतो? लय भारी! करा," भाऊसो खुर्चीतून पुढं सरकले.

दिवेलागणीला सर लेसर घेऊन गच्चीवर बसले. समोर पाण्याच्या टाकीवर निरोप टिपायला केमिस्ट्रीच्या आम्रपाली मॅडम. थोडे कण नीट पोचले का, हे शेवटी उघडपणे ताडून बघायचं असतं, म्हणून दोघांकडे यात्रेतले माइक आणि कर्णे होते. भाऊसो आले, पाठोपाठ गाव आला. चेअरमनांवर गुलाल उधळायची रीतच असल्यानं शिपाई गुंडानं पोतं तयार ठेवलं होतं.

सरांनी लेसर लावला. काहीच दिसेना.

"उजेड कुठाय?"

"जातोय ना! स्वच्छ हवेत तो बाजूनं दिसत नाही."

"मग आमी बघायचं काय?" भाऊसोंनी चपला शोधायला सुरुवात केली.

सरांचा उतरलेला चेहरा गुंडाला बघवेना. त्यानं मूठभर गुलाल लेसरसमोर भिरकावला. हवेत लालभडक रेघ उमटली!

"आयला, दिसला गड्या!" गाव खुळावला. मुठीवर मुठी उडू लागल्या. भाऊसोंनी तर ओंजळच मारली आणि कठड्यावरून वाकून रेघ न्याहाळू लागले.

"अहो, थांबा!" सरांचं कोण ऐकतंय? शेवटी त्यांनी माइक उचलला. "पहिला उभा!"

"इथं आडवा आलाय, सर!"

"दुसरा आडवा!"

"इथं काहीच आलं नाही!" मग मॅडमनी नियमाप्रमाणे जाहीर केलं, "मधे कुणीतरी पाहिलंय. निरोप रद्द!"

"कोण त्यो?" भाऊसो गरजले. "नाव सांगा, सर!"

सरांनी नाव घ्यावं तर खोली जाणार. गुंडाला मात्र राहवलं नाही. "आवं, सगळ्यांच्या म्होरं तुमीच हुतासा की!"

भाऊसोंनी मिशीवरचा गुलाल पुसला.

"म्हंजे ह्या यंत्रानं चेअरमनलाबी धरलं?"

"तसं... हो."

"मग यंत्र खरं हाय. खोली तुमची."

सरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. भाऊसोंनी त्यांना जवळ ओढलं आणि हळूच कानात सांगितलं, "फकस्त संचालकांच्या मीटिंगला ह्ये आणू नगा."

सरांच्या हातातला माइक चालूच होता. टाकीवरून मॅडमचा आवाज आला, "भाऊसो, हा निरोप मात्र अगदी स्वच्छ पोचला!"